लढाऊ वैमानिकांना दिसलेले यूएफओ आणि त्यांची सरकारी चौकशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत, शाळा-कॉलेजांतल्या व्याख्यानांनंतर आणि व्हॉट्सॲपवर हे प्रश्न सतत येत असतात. तेच उत्तर पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवलेलं बरं. प्रश्न जसे आले तसेच ठेवले आहेत, भाषा फक्त थोडी आवरली आहे. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिथे क्रमांक दिला आहे.

१. यूएफओ म्हणजे परग्रहावरून आलेलं यानच ना?

नाही. यूएफओ म्हणजे 'अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट', ओळख न पटलेली उडती वस्तू. आकाशात काहीतरी दिसलं आणि ते काय होतं हे बघणाऱ्याला सांगता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. फुगा, ड्रोन, शुक्र, पक्ष्यांचा थवा, शत्रूचं टेहळणी विमान, यातलं काहीही असू शकतं. अमेरिकी सरकार हल्ली यूएफओऐवजी यूएपी (ओळख न पटलेल्या असाधारण घटना) म्हणतं. नाव बदललं, अडचण तीच आहे.

२. हे सगळं सुरू कधी झालं?

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या सुमारास, युरोपात रात्री उडणाऱ्या अमेरिकी वैमानिकांनी विमानामागे लागणाऱ्या दिव्यांच्या तक्रारी केल्या होत्या. हा विषय गाजला मात्र २४ जून १९४७ पासून. त्या दिवशी केनेथ अर्नोल्ड या खासगी वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळ वेगाने जाणाऱ्या नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. शीतयुद्धाचे दिवस होते. रशियाचं नवं विमान तर नाही ना, ही अमेरिकी हवाई दलाची खरी काळजी होती. त्यातून १९४८ मध्ये 'प्रोजेक्ट साइन' हा चौकशीचा प्रकल्प, मग 'ग्रज' आणि १९५२ पासून 'ब्लू बुक' निघालं. ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावरचं हे ब्लू बुक १९६९ मध्ये गुंडाळलं तेव्हा एकूण नोंदी होत्या १२,६१८. त्यातल्या ७०१ उलगडल्या नव्हत्या. या ७०१ चं काय करायचं, ते प्रश्न ८ मध्ये.

३. लढाऊ वैमानिक एवढे प्रशिक्षित असतात. ते फसतील कसे?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि जरा रागानेच येतो. पुण्यात घराघरांत कोणी ना कोणी सैन्यात किंवा हवाई दलात असतं, त्यामुळे 'फसले' म्हटलं की लोकांना तो अपमान वाटतो. तो अपमान नाही.

प्रशिक्षणाने नजर तयार होते, पण अंतर मोजायचं यंत्र डोळ्यांत बसत नाही. दोन डोळ्यांनी मिळून अंतर कळतं ते जवळच्या वस्तूंचं. त्यापुढे आपण ओळखीच्या आकारावरून अंदाज बांधतो. समोरचं मिग विमान आहे हे कळलं की त्याच्या लहान-मोठं दिसण्यावरून ते किती लांब आहे हे वैमानिक झटकन सांगेल. मोकळ्या आकाशात अनोळखी वस्तू असेल तर असा आधारच नसतो. ती दोन किलोमीटरवरचा छोटा फुगा आहे की वीस किलोमीटरवरचं मोठं विमान, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. अंतर चुकलं की आकार चुकतो आणि आकारासोबत वेगही. शिवाय लढाऊ वैमानिकाला शिकवलेलंच असतं की शंका आली तर आधी धोका समजायचं. नोकरीसाठी हा गुण उत्तम आहे, ग्रह ओळखायला तितकासा नाही.

दोन उदाहरणं देतो. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकीत कॅप्टन थॉमस मँटेल एका चकाकत्या वस्तूमागे आपलं मस्टँग विमान चढवत गेले. जवळ ऑक्सिजन नव्हता. ते बेशुद्ध पडले, विमान कोसळलं आणि त्यांचा जीव गेला. हवाई दलाने आधी शुक्राकडे बोट दाखवलं. पुढे जास्त पटलेला खुलासा असा, की ती वस्तू म्हणजे नौदलाचा 'स्कायहूक' हा प्रचंड फुगा असावा. तो तेव्हा गुप्त होता, मँटेल यांना त्याची माहिती असणं शक्यच नव्हतं.

दुसरं उदाहरण प्रवासी विमानाचं. १४ जानेवारी २०११ च्या रात्री अटलांटिकवरून झ्युरिकला निघालेल्या एअर कॅनडाच्या विमानात सहवैमानिक नुकताच डुलकीतून उठला होता. शुक्राची चांदणी त्याला समोरून येणारं विमान वाटली आणि त्याने नाक खाली दाबलं. खरं येणारं विमान हजार फूट खालून चाललं होतं! पट्टे न लावलेले प्रवासी आपटले आणि १६ जण जखमी झाले. कॅनडाच्या अपघात चौकशी मंडळाच्या अहवालात हे सगळं नोंदलेलं आहे.

४. मग २००४ चं ते 'टिक टॅक' प्रकरणही असंच निघालं का?

असं म्हणता येत नाही. हे प्रकरण खरोखर अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर.

१४ नोव्हेंबर २००४. सॅन डिएगोच्या नैर्ऋत्येला समुद्रात 'निमिट्झ' ही विमानवाहू नौका आणि तिचा ताफा सरावावर होता. सोबतच्या 'प्रिन्स्टन' युद्धनौकेच्या रडारवर काही दिवसांपासून अनोळखी ठिपके येत होते. त्या दिवशी सरावासाठी उडालेल्या दोन एफ/ए-१८ विमानांना तिकडे वळवलं. एका विमानात स्क्वाड्रनचे प्रमुख कमांडर डेव्हिड फ्रेव्हर होते आणि दुसऱ्यात वैमानिक ॲलेक्स डीट्रिक. प्रत्येक विमानात दोघे, म्हणजे बघणारे चार. खाली समुद्राचा एक भाग खळबळलेला दिसत होता आणि त्यावर पंख नसलेली, धूर न सोडणारी, 'टिक टॅक' या गोळीसारखी पांढरी लांबट वस्तू अस्थिरपणे इकडेतिकडे हलत होती. फ्रेव्हर गोल घेत खाली उतरू लागले तशी तीही वर येऊ लागली. त्यांनी मध्येच तिच्या दिशेने झेप घेतली आणि ती क्षणात नाहीशी झाली. डीट्रिक वरून पाहत होत्या, त्यांचीही हकिकत मुळात हीच आहे.

लोक घोटाळा करतात तो पुढे. गाजलेला व्हिडिओ फ्रेव्हर यांचा नाही. तो नंतरच्या फेरीतल्या चॅड अंडरवूड यांनी इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने टिपला, आणि त्यांनी ती वस्तू डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. व्हिडिओतली वस्तू फ्रेव्हर यांना दिसलेलीच होती, हे गृहीत धरलं जातं. सिद्ध झालेलं नाही. प्रिन्स्टनच्या रडारची मूळ नोंद जाहीरपणे उपलब्ध नाही, आणि या प्रकरणात खरी अंतरं सांगू शकणारी गोष्ट तीच होती. माझं मत विचाराल तर चार जणांनी काहीतरी पाहिलं याबद्दल मला शंका नाही. 'अमुक इतक्या वेगाने गेलं' या आकड्यांवर मात्र मी पैज लावणार नाही.

५. पेंटागॉननेच तीन व्हिडिओ खरे असल्याचं मान्य केलंय. आता आणखी काय पुरावा हवा?

२७ एप्रिल २०२० रोजी पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, एवढंच मान्य केलं की हे व्हिडिओ नौदलाच्या विमानांतूनच घेतलेले आहेत. त्यात काय दिसतंय यावर शिक्कामोर्तब केलेलं नाही.

तिघांपैकी 'गोफास्ट' तुम्ही स्वतः तपासू शकता, दहावीचं त्रिकोणमिती पुरेसं आहे. एक ठिपका समुद्रावरून सुसाट चालल्यासारखा दिसतो आणि वैमानिक आनंदाने ओरडताना ऐकू येतात. आता पडद्यावरचे आकडे वाचा. विमानाची उंची २५,००० फूट, म्हणजे साधारण ७.६ किलोमीटर. वस्तूचं अंतर ४ सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे ७.४ किलोमीटर. कॅमेरा खाली झुकलेला सुमारे ३० अंश. साइन ३० म्हणजे निम्मं, तेव्हा वस्तू विमानाच्या ३.७ किलोमीटर खाली. उरली उंची ३.९ किलोमीटर, म्हणजे जवळपास १३,००० फूट. ती समुद्राला लागून चाललेलीच नाही!

मग एवढी पळताना का दिसते? डेक्कन क्वीनच्या खिडकीतून रुळाजवळच्या झाडावर नजर खिळवून बघा, मागचं शेत गाडीच्याच दिशेने धावू लागतं. कॅमेऱ्याने ठिपका धरून ठेवला होता, धावत होता तो मागचा समुद्र, आणि तोही विमानाच्या स्वतःच्या वेगामुळे. नासाच्या अभ्यासगटाने २०२३ च्या अहवालात हाच हिशेब मांडून वस्तूचा वेग ताशी सुमारे ४० मैल काढला. त्या उंचीवर वारा तेवढा असतो. फुगा असावा असं मानायला हे पुरेसं आहे.

'गिंबल' हा व्हिडिओ गोफास्टसारखाच २०१५ चा, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचा. त्यात वस्तू गर्रकन फिरते. टीकाकार म्हणतात, दिसतेय ती लांबच्या विमानाच्या गरम इंजिनाची चकाकी आणि फिरतोय तो कॅमेऱ्याचा सांधा. त्यावेळी तिथे उडणाऱ्या काही वैमानिकांना हे पटत नाही, रडारवर आणखी वस्तू होत्या असं ते सांगतात. वाद मिटलेला नाही. तिसरा व्हिडिओ अंडरवूड यांचा, तो वर आलाच.

६. डोळा फसेल, पण रडारही फसतं का?

फसतं. जुलै १९५२ मध्ये वॉशिंग्टन शहरावर सलग दोन शनिवार-रविवारी रडारवर ठिपके आले आणि लढाऊ विमानं धावली. हवाई दलाचा खुलासा होता तापमानाच्या उलट्या थरांचा : खाली थंड आणि वर उबदार हवा असली की रडारचे किरण वाकतात आणि जमिनीवरच्या वस्तू आकाशात उमटतात. नव्या रडारची गोष्ट निराळी. नौदलाचे माजी वैमानिक रायन ग्रेव्हज सांगतात की त्यांच्या विमानांना २०१४ च्या सुमारास नवं रडार बसलं आणि मगच व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर अनोळखी वस्तू दिसू लागल्या. वस्तू नव्याने आल्या, की आधीपासून होत्या आणि रडार तल्लख झालं? दोन्ही शक्यता खुल्या आहेत. डोळा, रडार आणि इन्फ्रारेड यांनी एकाच वेळी, एकाच जागी तीच वस्तू दाखवली तर मात्र पुरावा वजनदार होतो.

७. सध्या अमेरिकेत चौकशी कोण करतं?

पेंटागॉनमधलं 'आरो' हे कार्यालय, जुलै २०२२ पासून. त्याआधीचा प्रवास थोडक्यात : डिसेंबर २०१७ मध्ये वृत्तपत्रांतून उघड झालं की २.२ कोटी डॉलर खर्चून पेंटागॉनने एक कार्यक्रम गुपचूप चालवला होता. २०१९ मध्ये नौदलाने वैमानिकांसाठी नोंदीची रीतसर पद्धत आखायला घेतली. जून २०२१ च्या सरकारी अहवालात १४४ नोंदी होत्या आणि खात्रीने उलगडली एकच. तो हवा जाणारा मोठा फुगा निघाला.

कामाची पद्धत कंटाळवाणी आहे, आणि ती तशीच असायला हवी. वैमानिकाची जबानी घ्यायची, रडार आणि कॅमेऱ्याच्या मूळ नोंदी मिळवायच्या, त्या वेळची विमानं, उपग्रह, फुगे, हवामान, ग्रहतारे यांच्याशी ताडून पाहायचं. नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात ७५७ नव्या नोंदी होत्या. त्यातल्या ४४४ पुरेशी माहितीच नाही म्हणून बाजूला ठेवल्या आणि २१ पुढच्या अभ्यासासाठी वेगळ्या काढल्या. बातम्यांत फक्त २१ झळकले. मला ४४४ हा आकडा जास्त बोलका वाटतो.

८. उरलेली ७०१ किंवा २१ प्रकरणं परग्रहाचीच का नसावीत?

कारण 'उलगडलं नाही' हा शेरा बहुतेक वेळा वस्तूबद्दल काही सांगत नाही, नोंद अपुरी होती एवढंच सांगतो. अंतर माहीत नसेल तर कितीही हुशार माणूस बसवला तरी प्रकरण सुटत नाही (प्रश्न ३). पोलिसांकडे न सुटलेल्या चोऱ्या असतात म्हणून त्या भुताने केल्या असं आपण म्हणत नाही.

ब्लू बुकचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक सुरुवातीला हा विषय हसण्यावारी नेत. पुढे त्यांचं मत बदललं आणि हवाई दल चौकशी वरवर करतं अशी टीका त्यांनी केली. ती टीका मला रास्त वाटते. पण चौकशी ढिसाळ होती यातून परग्रहवासी आले असं निघत नाही.

९. अमेरिकी संसदेत एका अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं, त्याचं काय?

ते डेव्हिड ग्रुश, हवाई दलाचे माजी गुप्तवार्ता अधिकारी. २६ जुलै २०२३ च्या सुनावणीत ते, फ्रेव्हर आणि ग्रेव्हज बोलले. सरकारकडे मानवेतर यानांचे अवशेष आहेत असा ग्रुश यांचा दावा होता, पण आपण ते पाहिलेले नाहीत, इतरांकडून समजलं, असंही त्यांनीच सांगितलं. मार्च २०२४ मध्ये आरोने १९४५ पासूनच्या कार्यक्रमांचा आढावा काढला आणि असा कोणताही पुरावा सापडला नाही असं म्हटलं. 'ते काय, तसंच म्हणणार' हा आक्षेप येतोच, म्हणून पुढचा प्रश्न.

१०. म्हणजे सरकार काहीच लपवत नाही?

लपवतं की! भरपूर लपवतं. १९४७ मध्ये अमेरिकेत रॉझवेलजवळ सापडलेले अवशेष, जे अनेकजण परग्रहाच्या यानाचे मानतात, ते हवामान फुग्याचे असं तेव्हा सांगितलं गेलं. १९९४ मध्ये हवाई दलाने कबूल केलं की तो 'प्रोजेक्ट मोगल'चा फुगा होता, रशियाच्या अणुचाचण्यांचा कानोसा घेणारा. यू-२ हे टेहळणी विमान ६०,००० फुटांवरून उडायचं तेव्हा एवढ्या उंचीवर काही उडतं हे प्रवासी वैमानिकांना माहीतच नव्हतं. त्या काळच्या निम्म्याहून जास्त यूएफओ नोंदी अशाच उड्डाणांमुळे होत्या, असं सीआयएच्या अभ्यासात म्हटलं आहे. हा आकडा फुगवलेला आहे असंही काही अभ्यासक म्हणतात. सरकार लपवतं ते बहुतेक स्वतःची विमानं आणि स्वतःच्या कॅमेऱ्याची ताकद. चांगल्या प्रतीचे व्हिडिओ बाहेर येत नाहीत त्याचं एक मोठं कारण हे दुसरं.

११. दुसरे देश काय करतात?

सर्वांत नीटनेटकं काम फ्रान्सचं. तिथल्या अंतराळ संस्थेत, तुलूझला, १९७७ पासून नागरी कार्यालय आहे. आज त्याचं नाव 'जेइपान'. नोंदींना अ ते ड अशी प्रतवारी असते, ड म्हणजे चांगली माहिती असूनही न उलगडलेलं. फाइली लोकांना वाचायला खुल्या आहेत. ब्रिटनने आपला कक्ष २००९ मध्ये बंद केला. जपानने २०२० मध्ये आपल्या संरक्षण दलांना अशा वस्तूंची नोंद ठेवण्याचे आदेश दिले.

तेहरानबद्दल खूपजण विचारतात. सप्टेंबर १९७६ मध्ये इराणी हवाई दलाची दोन एफ-४ विमानं एका तेजस्वी वस्तूकडे गेली. जवळ जाताच एकाचा रेडिओ आणि उपकरणं बंद पडली, दुसऱ्याची क्षेपणास्त्र सोडायची यंत्रणा, असं वैमानिकांनी सांगितलं. संशय घेणारे गुरूकडे आणि विमानातल्या जुन्या विजेच्या बिघाडाकडे बोट दाखवतात. त्या रात्रीची यंत्रांची नोंद हाताशी नसताना यापुढे जाता येत नाही.

१२. भारतात अशी चौकशी कोण करतं?

लोकांच्या नोंदी घेऊन अहवाल छापणारं फ्रान्स-अमेरिकेसारखं खुलं कार्यालय आपल्याकडे नाही. अनोळखी वस्तू दिसली तर ती हवाई संरक्षणाची बाब म्हणून हवाई दल हाताळतं. १९ नोव्हेंबर २०२३ ला दुपारी इंफाळ विमानतळावर वस्तू दिसली, विमानसेवा काही तास थांबली आणि बातम्यांनुसार राफेल पाठवली गेली. हवाई दलाने जाहीर केलं की यंत्रणा कामाला लावली होती, नंतर ती लहान वस्तू दिसली नाही. २६ जानेवारी २०१६ ला राजस्थानात बाडमेरकडे सुखोईने फुग्यासारखी वस्तू पाडली होती.

सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण लडाखचं. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराच्या परिसरात जवानांनी अनोळखी प्रकाशांच्या ३२९ नोंदी केल्या. चिनी ड्रोन असावेत हा संशय. शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलावलं. एक प्रकाश संध्याकाळी ६ पासून पहाटे ५ पर्यंत दिसायचा, दुसरा पहाटे ४ पासून सकाळी ११ पर्यंत. ताऱ्यांच्या संदर्भाने नोंदी घेतल्यावर पहिला निघाला गुरू आणि दुसरा शुक्र. त्या उंचीवर हवा इतकी विरळ आणि स्वच्छ असते की दिवस उजाडल्यावरही शुक्र दिसत राहतो. जवानांना हसू नका. त्यांनी वेळा इतक्या चोख लिहिल्या म्हणूनच हे सुटलं.

१३. आम्ही धानोरीला राहतो. रात्री आकाशात दिवे अधांतरी थांबलेले दिसतात. लोहगावच्या सुखोईंचे वैमानिक काही सांगतात का?

सेवेतला वैमानिक असं काही बाहेर सांगणार नाही, सांगूही नये. सुखोई १९९७ मध्ये भारतात पहिल्यांदा आली ती पुण्याच्या लोहगाव हवाई तळावरच, त्यामुळे विमानं तुमच्या डोक्यावरून जाणारच. थांबलेला दिवा म्हणजे बहुधा सरळ तुमच्या दिशेने उतरायला येणारं विमान. समोरून येताना ते मिनिट-दोन मिनिटं जागचं हलत नाही आणि मग अचानक बाजूला वळतं.

एका रांगेत सरकणारे ठिपके म्हणजे स्टारलिंकचे उपग्रह. ढगांवर गोल फिरणारा उजेड गणपतीत दिसला तर तो मिरवणुकीतला बीम लाइट. हा लाइट वैमानिकाच्या डोळ्यांवर आला तर त्याला क्षणभर काही दिसत नाही, म्हणून विमानतळाच्या परिसरात पुणे पोलिसांनी त्यावर मनाई आदेश काढलेले आहेत. आणि २ एप्रिल २०२२ ला, पाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रभर दिसलेली जळती रांग चिनी रॉकेटच्या अवशेषांची होती. त्यातली सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरी गावात पडली.

१४. आयुका किंवा नारायणगावची जीएमआरटी परग्रहवासी शोधतात का?

यूएफओची चौकशी हे त्यांचं काम नाही. आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था, जीएमआरटी ही नारायणगावजवळ खोडदला असलेली रेडिओ दुर्बीण. तिच्या ३० अँटेना दूरच्या दीर्घिका, स्पंदक, हायड्रोजन यांचा अभ्यास करतात. आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर सरांचा संबंध मात्र वेगळ्या प्रकारे येतो. ते सहभागी असलेल्या प्रयोगात हैदराबादहून फुगे ४१ किलोमीटर उंचीपर्यंत सोडून हवेचे नमुने आणले आणि त्यात सूक्ष्मजीव सापडले. २००५ च्या उड्डाणातल्या तीन नव्या जिवाणू प्रजाती २००९ मध्ये जाहीर झाल्या, त्या कामात पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थाही होती. ते जिवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत असं सिद्ध झालेलं नाही. हैदराबादचे हे संशोधनाचे फुगे भलेमोठे असतात. मावळतीच्या उन्हात असा फुगा चमकला की फोन सुरू होतातच.

१५. मला काही दिसलं तर काय करू?

आधी घड्याळ बघा आणि मिनिटासकट वेळ लिहा. मग दिशा. मग उंची : हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, क्षितिजापासून किती मुठी ते मोजा. व्हिडिओ काढताना इमारतीची कड किंवा विजेची तार चौकटीत ठेवा. नुसत्या काळ्या पडद्यावरचा ठिपका कोणालाच ओळखता येणार नाही, त्यातही झूम केला तर मोबाइल ठिपक्याचा चकचकीत गोळा करतो. शक्य असेल तर दुसऱ्या उपनगरातल्या ओळखीच्याला त्याच वेळी बघायला सांगा. धानोरी आणि वारजे इथून मोजलेल्या दिशा वेगळ्या आल्या तर अंतर काढता येतं, सारख्या आल्या तर ती वस्तू खूप लांब आहे.

नंतर विमानांचं ॲप आणि आकाशाचं ॲप ताडून पाहा. तरी उलगडलं नाही तर ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या जाणत्या मंडळींना विचारा. ही संस्था १९४४ पासून पुण्यात आहे. विमानतळाजवळ ड्रोन दिसला तर मात्र ॲप वगैरे बाजूला ठेवा आणि लगेच ११२ ला कळवा.

१६. माझे मामा हवाई दलात होते. त्यांनी एकदा काहीतरी पाहिलं होतं, शेवटपर्यंत सांगायचे. ते खोटं होतं का?

खोटं असण्याचं काहीच कारण नाही. त्यांनी पाहिलं ते पाहिलंच, प्रश्न फक्त ते काय होतं एवढा आहे. त्यांची जुनी लॉगबुकं घरात असतील तर बघा. तारीख, तळ, विमानाचा प्रकार आणि उड्डाणाची वेळ त्यात मिळेल. तारीख मिळाली की त्या रात्री शुक्र, गुरू आणि चंद्र कुठे होते हे कोणत्याही आकाशाच्या ॲपमध्ये मागे जाऊन पाहता येतं. मामांनी दिशा सांगितल्याचं कोणाला आठवत असेल तर तीही कळवा. तारीख नसेल, नुसतं 'पासष्टच्या लढाईनंतर कधीतरी' एवढंच असेल, तर त्यावर काम करता येणार नाही, गोष्ट तेवढी लिहून ठेवा.